चेटूक की मोहिनी, कुठे काय लिहायचं

आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, जत्रेला दरवर्षी मराठी नाटक असतं, गेल्या वर्षी मी ग्रुपवर चार ओळी टाकल्या आणि त्यात ठोकून दिलं की नायिकेनं प्रेक्षकांवर चेटूक केलं. दुसऱ्या दिवशी देवळाकडे त्या मुलीची आजी भेटली. "माझ्या नातीला चेटकीण म्हणतोस होय रे?" मी गप्प.

तेव्हापासून एक सोपी टेस्ट लावतो, तुम्हीपण लावा. शब्द लिहायच्या आधी विचारायचं, ज्याला हे झालंय त्याच्यावरून उतारा ओवाळून तिठ्यावर ठेवावासा वाटेल का? वाटत असेल तर चेटूक, करणी, पछाडणं. नसेल तर मोहिनी, भुरळ, गारुड.

झपाटणं आणि पछाडणं दोन्ही भुताचीच कामं, पण 'कामानं झपाटलाय' ही शाबासकी झाली आणि 'संशयानं पछाडलाय' म्हटलं की घरच्यांची कीव येते. करणी तर आणखी गंमतशीर, 'कुणीतरी करणी केली' म्हटलं की लोक दबक्या आवाजात बोलतात आणि 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणताना तोच शब्द एकदम सोवळा.

भारावणं आलंय भारण्यावरून, म्हणजे मंत्र घालून भारलेला दोरा वगैरे. म्हणून भजन ऐकून भारावता येतं, शागोतीचा झणझणीत रस्सा खाऊन नाही, तिथे नुसतं 'झकास' लिहा ना! मंत्रमुग्ध मात्र पेपरवाल्यांनी इतका वापरलाय की मी तो सोडूनच दिलाय.

गारुड कधी लिहायचं? गरुडावरून, म्हणजे सापाचं विष उतरवायच्या मंत्रावरून आलेला शब्द, पण तो टिकणाऱ्या गोष्टीला शोभतो. गोव्यातल्या मंगेशीचे गायक-नट दीनानाथ मंगेशकर १९४२ साली गेले तरी त्यांच्या नाट्यपदांचं गारुड उतरलेलं नाही, असं बिनधास्त लिहा. कालच्या रीलला गारुड म्हणू नका.

मोहिनीत धोका नाही. विष्णूचंच रूप ते, गोव्यातल्या म्हार्दोळच्या म्हाळसादेवीला मोहिनीचा अवतार मानतात, मग कोण रागावणार? मी पोस्ट एडिट करून 'मोहिनी घातली' केलं, आजीनं नातवाकडून वाचून घेतलं म्हणे.

जादूची कांडी बहुतेक 'नाही' सोबतच येते, रस्ता विचारा, पाणी विचारा, उत्तर एकच, 'माझ्याकडे काय जादूची कांडी नाही'. आणि छूमंतर फक्त गायब होण्याला, म्हणजे पहिला पाऊस पडला की आमच्याकडची वीज.