जमेना की करेना? फ्रेंच कामगार कायदा इंग्रजीत नेताना

डाल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची सी-१ पातळी पास झाल्यावर मला वाटत होतं, आता फ्रेंचमध्ये आपल्याला अडवणारं काही उरलं नाही. पुण्यात फ्रेंच शिकलेल्या बऱ्याच जणांना त्या सुमारास असंच वाटतं. मग एका एजन्सीकडून नऊ पानांचं पत्र आलं. फ्रान्समधल्या एका कंपनीने आपल्या विक्री प्रतिनिधीला कामावरून काढल्याचं पत्र. कंपनीचे मालक परदेशी, त्यांना ते इंग्रजीत हवं होतं. त्यात 'अँस्युफिझाँस प्रोफेसिओनेल' हा शब्दप्रयोग अकरा वेळा आला होता. शाळेत मराठीच्या बाईंनी 'निबंधात एकच शब्द सारखा सारखा नको' हे इतकं बिंबवलं होतं, की मी तो चार तऱ्हांनी लिहिला: आधी 'प्रोफेशनल इनसफिशिअन्सी', मग 'इनकॉम्पिटन्स', मग 'पुअर परफॉर्मन्स', आणि आठव्या पानावर हात चांगलाच सैल झाल्यावर 'प्रोफेशनल मिसकंडक्ट'.

एजन्सीत भाषांतर तपासणाऱ्या बाईंनी फाईल परत पाठवली. समासात एकच प्रश्न होता: या माणसाने काही गैर केलंय का?

पत्र पुन्हा वाचलं. काहीही गैर केलं नव्हतं. त्याला ते काम जमत नव्हतं, एवढंच.

मराठीत आपण 'त्याला गणित जमेना' आणि 'तो गणित करेना' ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी कधीच वापरणार नाही. पहिल्यात कीव आहे, दुसऱ्यात तक्रार. फ्रेंच कामगार कायद्याने नेमकी हीच रेघ ठळक करून ठेवली आहे, आणि कामातल्या कमतरतेबद्दलचा कुठलाही कागद हातात आला की मी आधी हे ठरवते की तो रेघेच्या कुठल्या बाजूचा आहे.

थोडा कायदा समजून घ्यावाच लागतो. फ्रान्समध्ये कायम नोकरीतल्या माणसाला काढायचं तर मालकाकडे 'कोझ रेएल ए सेरिअझ', म्हणजे खरं आणि गंभीर कारण असावं लागतं. ही अट जुलै १९७३च्या कायद्याने आली. कारण आर्थिक असू शकतं किंवा त्या व्यक्तीशी निगडित. व्यक्तीशी निगडित कारणांचे पुन्हा दोन भाग: शिस्तभंगाची आणि शिस्तभंगाशी संबंध नसलेली. शिस्तभंगाच्या बाजूला 'फोत', म्हणजे कसूर. 'अँस्युफिझाँस प्रोफेसिओनेल', म्हणजे काम न जमणं, दुसऱ्या बाजूला. त्यात माणसाचा हेतू वाईट असावा लागत नाही, किंबहुना तो नसतोच असं धरलेलं असतं. मात्र मालकाला ठोस, तपासता येतील अशा गोष्टी दाखवाव्या लागतात. 'आमचा यांच्यावरचा विश्वास उडाला' एवढ्यावर भागत नाही. न्यायालय हेही विचारतं की या माणसाला शिकवलं होतं का, वेळ दिला होता का. कर्मचाऱ्याला त्याच्या कामाशी जुळवून घेता येईल याची सोय करणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ती कामगार संहितेच्या एल ६३२१-१ या कलमात लिहिलेली आहे.

आता गंमत बघा. काम जमत नसलेल्या माणसाला मालकाने 'कसूर केली' म्हणून काढलं, तर काढणंच फसू शकतं. अपवाद एकच: त्याने जाणूनबुजून हात आखडता घेतला असेल तर. फ्रेंच निकालांत यासाठी 'मोव्हेझ व्होलोंते देलिबेरे' हे शब्द येतात. हे दिसले की समजायचं, वाद 'करेना'कडे सरकवायचा प्रयत्न चाललाय. शिवाय काढल्याच्या पत्रात जी कारणं दिली असतील तीच वादाची हद्द ठरवतात. म्हणून अशा पत्राचं भाषांतर करताना आठव्या पानावरचा माझा 'मिसकंडक्ट' ही शैलीची चूक उरत नाही. इंग्रजी वाचणाऱ्या मालकाला वाटतं, याला नोटिशीचे पैसे द्यायची गरज नाही, आणि चार ओळी खाली 'प्रेआव्ही' म्हणजे नोटीस काळाचा हिशोब मांडलेला दिसतो. तपासणाऱ्या बाईंना संशय आला तो तिथेच.

माझा आजचा शब्द 'इनॅडिक्वेट परफॉर्मन्स'. पहिल्यांदा येतो तिथे शेजारी मूळ फ्रेंच तिरक्या अक्षरांत ठेवते आणि पुढे अकरा वेळा आला तर अकरा वेळा तोच लिहिते. मराठीच्या बाईंची क्षमा मागून. 'पुअर परफॉर्मन्स'ही चालतो, फक्त तो बोलीतला वाटतो. 'इनकॉम्पिटन्स' मी टाळते. तो अपमानास्पद आहेच, पण टाळण्याचं खरं कारण वेगळं आहे. फ्रेंच न्यायालयीन कागदात 'अँकोंपेताँस' म्हणजे न्यायालयाला अधिकारक्षेत्र नसणं. एका वकिलाने 'एक्सेप्सिओं दँकोंपेताँस' उपस्थित केली होती, म्हणजे हा दावा या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही असा आक्षेप. ओळखीच्या एकाने त्याचं भाषांतर कर्मचाऱ्याच्या नाकर्तेपणाबद्दलचा युक्तिवाद असं केलं. त्यावरून तो अजून टोमणे ऐकून घेतो.

तिसरा सापळा 'इनाप्तित्यूद'. इंग्रजी 'इनॅप्टिट्यूड'सारखा दिसतो, म्हणून हात तिकडे जातो. फ्रेंच कामगार कायद्यात मात्र हा वैद्यकीय शब्द आहे. कंपनीशी संलग्न कामगार-वैद्यक, 'मेदसँ द्यु त्राव्हाय', एखाद्याला प्रकृतीमुळे त्या कामासाठी अयोग्य ठरवतो तेव्हा तो वापरतात. त्याची प्रक्रिया वेगळी, भरपाई वेगळी, आणि त्याआधी दुसरं काम देता येईल का हे पाहण्याचं बंधनही वेगळं. इंग्रजीत 'मेडिकली अनफिट फॉर वर्क' असं स्पष्टच लिहावं.

'अँस्युफिझाँस द रेझ्युल्ता' म्हणजे ठरलेली लक्ष्यं गाठली नाहीत. नवखा माणूस याला पहिल्या शब्दाचाच भाऊ समजतो. निकालांमध्ये तसं नाही. आकडे आले नाहीत, एवढंच काढण्याचं कारण होत नाही. ते न येण्यामागे कामातली कमतरता किंवा कसूर असावी लागते आणि लक्ष्यंही गाठता येण्याजोगी असावी लागतात. बाजारच बसला असेल तर विक्रेत्याने काय करावं? म्हणून इथे 'फेल्युअर टू मीट टार्गेट्स' आणि तिथे 'इनॅडिक्वेट परफॉर्मन्स', दोन्ही वेगळे ठेवायचे. एका पत्रात दोन्ही असतील तर त्यांची सरमिसळ हमखास होते.

कसुरीच्या बाजूला तीन पायऱ्या आहेत. साधी 'फोत'. मग 'फोत ग्राव': माणूस कंपनीत एक दिवसही राहू शकत नाही इतकी गंभीर, नोटीस नाही, काढल्याची भरपाईही नाही. आणि 'फोत लुर्द', ज्यात मालकाचं नुकसान करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पूर्वी या तिसऱ्या पायरीवर साठलेल्या रजेचे पैसेही जात, पण मार्च २०१६मध्ये फ्रान्सच्या संविधान परिषदेने ती तरतूद रद्द केली. मी 'ग्राव'साठी 'ग्रॉस मिसकंडक्ट' आणि 'लुर्द'साठी 'विलफुल मिसकंडक्ट' लिहिते. 'लुर्द'ला 'ग्रॉस नेग्लिजन्स' लिहिण्याचा मोह होतो, कारण करारांच्या कायद्यात तो शब्द त्या अर्थाने भेटतो. इथे मात्र हेतूच महत्त्वाचा, आणि नेग्लिजन्समध्ये हेतू नसतो.

आपल्याकडून आलेल्यांना ही रेघ अंधूक दिसते, त्यालाही कारण आहे. १९४६च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत कामातला नेहमीचा हलगर्जीपणा गैरवर्तनाच्या यादीतच होता. आपल्या एचआरच्या इंग्रजीत 'परफॉर्मन्स इश्यू' आणि 'डिसिप्लिन' एका दमात येतात. ब्रिटनचा १९९६चा एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट मात्र 'कॅपेबिलिटी' आणि 'कंडक्ट' वेगळे मोजतो, म्हणून लंडनच्या वाचकाला फ्रेंच विभागणी पटकन कळते. तरी 'अँस्युफिझाँस'साठी 'कॅपेबिलिटी' लिहू नये. तो ब्रिटिश कायद्याचा शब्द आहे. वाचक त्यामागची ब्रिटिश प्रक्रिया गृहीत धरतो. अमेरिकन वाचकाचा प्रश्न उलटा असतो: एवढं कारण कशाला लागतं? त्याच्यासाठी कधी कधी एक टीप घालावी लागते, ग्राहकाला विचारून.

'अनफेअर डिसमिसल'ही याच जातीचा. 'साँ कोझ रेएल ए सेरिअझ'साठी सगळे तोच वापरतात. मी 'डिसमिसल विदाउट रिअल अँड सीरियस कॉज' असं कडक लिहिते. वाचायला ओबडधोबड आहे, पण यातून कुणी ब्रिटिश भरपाईचा हिशोब करायला जात नाही. सप्टेंबर २०१७पासून फ्रान्समध्ये अशा भरपाईला नोकरीच्या वर्षांप्रमाणे किमान-कमाल मर्यादा आहेत, सर्वांत जास्त म्हणजे २० महिन्यांचा पगार, आणि तो तक्ता बहुतेक कागदांत कुठेतरी डोकावतोच. 'कोंसेय द प्र्युदॉम' या कामगार न्यायालयाचं नावही मी फ्रेंचच ठेवते आणि पुढे 'लेबर कोर्ट' अशी ओळख देते. पहिलं असं मंडळ १८०६मध्ये लियोंमध्ये स्थापन झालं. मालक आणि कामगार अशा दोन्ही बाजूंचे समसमान सदस्य त्यात बसतात. ब्रिटिश 'एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल'चं चित्र त्यावर चिकटवू नये.

बाकीचे फसवे शब्द पटापट सांगते. 'ग्रिएफ' म्हणजे दुःख नव्हे, आरोप. 'दमाँद' म्हणजे मागणी नव्हे, दावा. 'कोंक्ल्युझिओं' म्हणजे निष्कर्ष नव्हे, वकिलाने लेखी मांडलेलं म्हणणं. 'कोंदाने' म्हणजे कंपनीला शिक्षा झाली असं नाही, पैसे देण्याचा आदेश झाला. 'देबुते' म्हणजे दावा फेटाळला, आणि इंग्रजीत तोही 'डिसमिस'च, म्हणून एका वाक्यात माणूस आणि दावा दोन्ही 'डिसमिस' होऊ द्यायचे नाहीत. 'काद्र' म्हणजे आपलं आयएएस केडर किंवा पक्षाचं केडर नव्हे. तो वरच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांचा वर्ग आहे, हाताखाली एकही माणूस नसला तरी. परिवीक्षा काळात नोकरी संपवली तर तिथे 'लिसाँसिमाँ', म्हणजे कामावरून काढणं, हा शब्दच लागू होत नाही, म्हणून 'डिसमिसल' न लिहिता 'टर्मिनेशन ऑफ द ट्रायल पीरियड' लिहावं.

आणि पत्राचा शेवट. नऊ पानं माणसाचे वाभाडे काढून फ्रेंच मालक त्याला आपले विशेष नमस्कार स्वीकारण्याची विनंती करतो. पहिल्या वेळी मी ते शब्दशः इंग्रजीत आणलं होतं. नोकरीवरून काढल्याच्या पत्राखाली 'कळावे, लोभ असावा ही विनंती' लिहिल्यासारखं झालं. 'युअर्स फेथफुली' लिहून मोकळं व्हावं. पत्रभर येणारं 'नू देप्लोरों', म्हणजे 'आम्हाला खेद वाटतो', हेही तसलंच ठरावीक वळण. त्याचं 'वुई डिप्लोर' केलं की साहेब छाती बडवत असल्यासारखे दिसतात.

अभ्यास कसा करावा असं बरेच जण विचारतात. शब्दकोश आधी उघडू नका. लेजीफ्राँस या फ्रेंच सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर कामगार संहिता फुकट वाचायला मिळते. कलमाच्या आधीचं एल म्हणजे संसदेचा कायदा, आर आणि डी म्हणजे सरकारी आदेश, आणि हे क्रमांक भाषांतरात जसेच्या तसे ठेवायचे असतात. 'कूर द कासासिओं' या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, कामगारांचे खटले पाहणाऱ्या सामाजिक शाखेचे निकाल आठवड्याला दोन वाचा. ऑक्टोबर २०१९पासून त्यांनी 'आताँद्यु क'ची, म्हणजे 'ज्याअर्थी'ची, लांबच लांब वाक्यं सोडून सरळ परिच्छेद लिहायला सुरुवात केली, त्यामुळे नवे निकाल आधी वाचा आणि जुन्यांना नंतर हात घाला. युरोपीय संघाचा आयएटीई हा शब्दसाठा उपयोगी आहे, पण तिथल्या पहिल्या उत्तरावर थांबू नये. स्वतःची शब्दसूची ठेवा आणि तिच्यात 'का निवडला' असा रकाना ठेवा. सहा महिन्यांनी तोच रकाना उपयोगी पडतो.

पैशांचं एक: फ्रेंचमधून इंग्रजीत येताना मजकूर सहसा आखडतो, म्हणून दर मूळ फ्रेंच शब्दांवर ठरवा. आणि ग्राहकाने 'त्रादुक्सिओं आसेरमाँते' मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. तिथले शपथबद्ध भाषांतरकार फ्रान्सच्या अपील न्यायालयांच्या यादीत असतात, आपण नसतो. मी एकदा हे न विचारताच काम घेतलं होतं. चाळीस पानं झाल्यावर कळलं.