मूळव्याध: बँड लावल्यानंतर मला कशाने बरं वाटलं

शौचाला रक्त पडलं की लाजू नका, आधी सर्जनला दाखवा. ते दरवेळी मूळव्याधीचंच असतं असं नाही. माझी दुसऱ्या ग्रेडची निघाली, म्हणजे मोड (सुजलेली गाठ) कुंथताना बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. ओपीडीतच मोडाच्या मुळाशी रबर बँड लावला, भूल द्यावी लागली नाही. आठवडाभरात मोड सुकून गळतो तेव्हा थोडं रक्त दिसतं. ते थांबेना, किंवा ताप आला, लघवी अडली तर लगेच दवाखाना गाठायचा.

खरा आराम पडला तो धुण्याच्या टबात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसल्याने. जंतुनाशक वगैरे काही घालायचं नाही, नुसतं पाणी. रात्री इसबगोल, तेही भरपूर पाण्यासोबत, नाहीतर उलट खडा धरतो. जेवणात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पिकलेली पपई. आणि संडासात मोबाइल नेणं कायमचं बंद!