विकत घेतलेल्या अल्बमवर अभिप्राय कसा लिहावा

अल्बमवर अभिप्राय लिहिण्यापूर्वी तो गाण्यांचा क्रम न बदलता किमान दोनदा सलग ऐकावा, कारण पहिल्या खेपेस ओळखीची गाणीच भाव खाऊन जातात. आपण एलपी घेतली की सीडी, हे सुरुवातीलाच नमूद करावे. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’मध्ये ९ गाणी आहेत, एलपीवर शीर्षकगीताने पहिली बाजू संपते, तबकडी उलटावी लागते आणि मगच ‘बीट इट’ सुरू होते, तर सीडीवर हा विराम उरतच नाही.

‘संगीत अप्रतिम आहे’ एवढ्याने वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘बीट इट’मध्ये एडी व्हॅन हेलनची गिटार नाचऱ्या ठेक्यात रॉकचा आवेश कसा मिसळते आणि तो आपल्याला रुचला की खटकला, हे लिहावे. न आवडलेल्या गाण्याचेही नाव घ्यावे. माझ्या मते अभिप्रायाची विश्वासार्हता तिथेच ठरते. ध्वनिमुद्रणातील उणीव आणि तबकडीवरचा ओरखडा यांची गल्लत मात्र कधीही करू नये, कारण पहिलीचा संबंध कलाकृतीशी असतो, तर दुसऱ्याची तक्रार विक्रेत्याकडे करायची असते. किमतीविषयी एक वाक्य पुरे.