निकालाआधी टेक महिंद्राकडे कसं पाहावं

शुक्रवारचा म्हापशाचा बाजार आटोपला की रात्री मी दुकानातली लांब हिशेबवही घेऊन बसते. तिच्या मागच्या पानांवर टेक महिंद्रा या आयटी कंपनीचे आकडे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मोहित जोशी यांनी सीईओ म्हणून सूत्रं हाती घेतली आणि पुढच्या एप्रिलात २०२६-२७ साठी १५ टक्के एबिट मार्जिनचं, म्हणजे व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा महसुलाच्या किती टक्के त्याचं, लक्ष्य जाहीर झालं. २०२३-२४ मध्ये हे मार्जिन ६.१ टक्के होतं, पुढच्या वर्षी ९.७.

तुम्हीही निकालाआधी असेच रकाने आखा: तिमाही, महसूल, मार्जिन, नवी कंत्राटं. महसुलाची वाढ स्थिर चलनातलीच, म्हणजे विनिमय दरातला बदल वगळून काढलेलीच लिहा, कारण कमाई बरीचशी परकी चलनात असते आणि रुपया घसरला की रुपयांतला आकडा आपोआप फुगतो. मग शोधा, मार्जिन वाढलं कशामुळे? नुसता खर्च कापून वाढलं असेल तर ते फार काळ पुरत नाही, महसूलही सोबत वाढायला हवा. माझी खरी धाकधूक इथेच असते.

कंपनीला तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्यावे लागतात, वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत. नफ्यात मालमत्ता विकून आलेले पैसे मिसळले नाहीत ना, ते खालच्या टिपांमध्ये बघा. दुसऱ्या एका कंपनीच्या वेळी मी ते बघितलं नाही आणि मुलीच्या फीचे पैसे अडकून पडले. तेव्हापासून निकालाच्या आदल्या दिवशी मी एकही शेअर घेत नाही. व्यवस्थापनाची विश्लेषकांशी झालेली चर्चा नंतर लेखी मिळते. ती पूर्ण वाचते, पगारवाढीचा उल्लेख येईल तिथे पेन्सिलीने खूण करते, कारण पगार वाढले की मार्जिनवर ताण येतो, आणि मगच ठरवते.