व्याकरणबदलाला भौतिकशास्त्राचं मॉडेल लावताना या चुका टाळा

भाषेत एखादं नवं व्याकरणिक रूप कसं पसरलं याचे आकडे मॉडेलच्या वक्रावर नेमके बसले म्हणून बदलाचं कारण सापडलं असं मानणं, ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. नवं रूप आधी हळू, मग झपाट्याने पसरतं आणि शेवटी मंदावतं. त्याचा ‘एस’ आकाराचा लॉजिस्टिक वक्र निघतो. पण नव्या रूपाला प्रतिष्ठा असली तरी तो निघतो आणि मुलं भाषा शिकताना ते रूप पसंत करत असली तरीही. त्यामुळे कारण वक्राबाहेर शोधावं लागतं.

आधी कुणाचीच कशाला पसंती नाही असं धरून मॉडेल चालवा. संशोधक न्यूबेरी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये इंग्रजी क्रियापदांच्या भूतकाळी रूपांवर हेच केलं. काही बदलांत निवडीचा दाब, म्हणजे एका रूपाच्या बाजूचा कल, दिसला, पण अनेक ठिकाणी योगायोग नाकारता आला नाही. अशा चाचण्यांत काळाचे तुकडे किती मोठे पाडता यावरही निकाल हलतो. एकाच लांबीवर थांबू नका, दोन-तीन लांबींवर तपासा.

सिम्युलेशनमध्ये नवं रूप दर वेळी मरतंय? कोड लगेच बदलू नका. व्होटर मॉडेलमध्ये, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्या कुणाचं तरी रूप उचलतो अशा मॉडेलमध्ये, १,००० जण कुणाचंही अनुकरण करत असतील आणि नवं रूप एकाच्याच तोंडी असेल, तर ते सगळीकडे पसरण्याची शक्यता १,००० त एक. सिम्युलेशन पन्नास वेळा चालवून दर वेळी ते मेलं, तर ते अपेक्षितच आहे. आयसिंग मॉडेल मूळचं चुंबकांचं; त्यात प्रत्येक जण शेजाऱ्यांसारखं रूप धरतो आणि ‘तापमान’ म्हणजे त्यातली यादृच्छिकता. तिथे कमी तापमानाला, बाहेरचा कल नसेल तर, नव्या रूपाचं छोटं बेट आक्रसत जातं. तिथे तापमान वाढवून रूप जगवणं म्हणजे केवळ गोंधळ वाढवणं. पसंतीचा कल हवा असेल तर तो वेगळं पद म्हणून उघडपणे घाला.

टक्क्यांनी फसू नका. वीसपैकी बारा वाक्यांत नवं रूप आणि २,००० पैकी १,२०० वाक्यांत नवं रूप, दोन्ही ६० टक्केच. पण पहिल्याची प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे अंदाजात येणारी नेहमीची चूक) सुमारे ११ टक्के-बिंदूंची, दुसऱ्याची साधारण एक. वक्रावरच्या प्रत्येक बिंदूला त्याच्या नमुन्याएवढंच वजन द्या.

प्रत्येक बदल शेवटास जातोच असंही नाही. इंग्रजीतला सहायक ‘डू’ होकारार्थी विधानांत सोळाव्या शतकात वाढला आणि मग ओसरला. प्रश्नांत मात्र रुजला. सगळी वाक्यं एकाच ढिगात टाकली तर हा फरक दिसणारच नाही. वाक्यप्रकारांचे वक्र वेगळे काढा, आणि अर्ध्यावर विरलेले बदलही नमुन्यात घ्या. यशस्वी बदलच निवडून घेतले तर निवडीचा दाब नसतानाही दिसू लागतो.