सुरतेत तापीकाठी फिरायला जाताना : नव्याने आलेल्या खानदेशी मंडळींसाठी

खानदेशातून कामधंद्यासाठी सुरतेला येणारी मंडळी बहुधा उधना, लिंबायत, डिंडोली किंवा गोडादरा या भागांत उतरतात. हा सगळा भाग नदीपासून दूर असल्यामुळे पुष्कळांना येथे येऊन महिने लोटले तरी तापीचे दर्शन होत नाही. सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन, फारसा खर्च न करता, दोन-अडीच तास नदीकाठी घालवायचे असतील तर आखणी कशी करावी, हे येथे बरीच वर्षे राहिलेला एक नंदुरबारकर म्हणून लिहीत आहे.

भुसावळला किंवा प्रकाशाला आपण ज्या तापीला ओळखतो, ती येथे दोन धन्यांची चाकरी करते : वरून उकाई धरणाची आणि खालून समुद्राची. सिंगणपोर आणि रांदेर यांच्यामध्ये १९९५ साली बांधलेला, येथे सगळे ज्याला कॉजवे म्हणतात तो बंधारा समुद्राचे खारे पाणी अडवतो. त्यामुळे कॉजवेच्या वरच्या बाजूला गोडे पाणी तुंबून राहते, कधीकधी जलपर्णीने झाकलेलेही असते. खालच्या बाजूला मात्र भरती-ओहोटी चालते. आपल्याकडे नदी ऋतूप्रमाणे बदलते, येथे ती दिवसातून दोनदा बदलते. ओहोटीच्या वेळी चौकबाजारच्या किल्ल्याजवळ गेलात तर चिखल आणि त्याचा वास एवढेच पदरी पडेल. म्हणून भरतीची वेळ मोबाईलवर पाहून मगच निघावे. ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी उपयोगाची नसते.

पहिल्या खेपेला चौकबाजारापासून नानपुऱ्यातील डच गार्डनपर्यंतचा टप्पा घ्यावा. चढ-उतार जवळजवळ नाही आणि थकवा आला तर कोठूनही रिक्षा मिळते. मात्र काठाने सलग पायवाट असेल, अशी अपेक्षा ठेवू नये. काही अंतर रस्त्यानेच चालावे लागते आणि लहान मुलांचे हात तेथे धरावेच लागतात. आरंभी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी बांधलेला किल्ला लागतो. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता, हे मुलांना सांगितले की त्यांची पावले आपोआप उचलतात. किल्ला आता तिकीट काढून आतून पाहता येतो, परंतु त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा, कारण चालणे आणि संग्रहालय एकाच सकाळी उरकू पाहणाऱ्यांचे दोन्ही अर्धवट राहते. डच गार्डनमध्ये बसून घेतल्यावर ज्यांच्या पायांत जोर असेल त्यांनी मक्काई पुलावरून पलीकडे अडाजणला जावे. पुलावर वारा चांगला असतो.

पावसाळ्यात मात्र वेगळा हिशेब करावा लागतो. हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आपण गावाकडच्या फोनवर ऐकतो. तेच पाणी सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा हे बॅरेज ओलांडून उकाईत येते आणि उकाई भरत आले की सुरतेकडे सोडले जाते. ऑगस्ट २००६ मध्ये अशाच विसर्गाने या शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. कॉजवेवरील पातळी ६ मीटरच्या वर गेली की तेथील वाहतूक बंद करतात. ती बंद झाल्याचे कळल्यावर खालच्या काठाचाही बेत रद्द करावा आणि पूर पाहण्यासाठी तर मुळीच जाऊ नये. अडचण अशी की आपल्या कानबाईचे विसर्जन नेमके श्रावणात येते. त्या दिवशी कोणता घाट मोकळा ठेवला आहे, याची वस्तीतील जुन्या मंडळींकडे आधी चौकशी करावी आणि वाट अडवलेली असेल तेथे पोलिसांशी हुज्जत घालू नये. त्याआधी, आषाढ शुद्ध सप्तमीला, येथे तापीमातेचा जन्मदिवस साजरा करून तिला चुनरी अर्पण करतात; गर्दी चालत असेल तर तो दिवस अवश्य पाहावा.

उन्हाळ्याबद्दल नव्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. जळगावचे ४५ अंश सोसलेल्या माणसाला येथला पारा किरकोळ वाटतो, पण दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि थोडे चालले तरी दम लागतो. चैत्र-वैशाखात सूर्योदयाच्या सुमारास निघून आठच्या आत परतावे. त्यासाठी भरती हुकली तरी चालेल. रात्रपाळी करून आलेल्याने सरळ नदीवर न जाता आधी झोप घ्यावी.

उत्तम काळ हिवाळ्याचा. त्या दिवसांत कॉजवेवर बाहेरदेशीचे कुरव पक्षी थव्यांनी येतात आणि लोक त्यांना गाठिया-शेव टाकतात. आपण ते करू नये, कारण तळलेले, खारट खाणे पक्ष्यांना सोसत नाही. कॉजवेवर वाहने चालू असतात, म्हणून मुलांना कठड्यावर चढू देऊ नये.

गावाकडून आई-वडील आले असतील तर त्यांना डच गार्डनपर्यंत रिक्षानेच न्यावे आणि चालणे तेथल्या तेथेच ठेवावे. परतताना लोचो (हरभरा डाळीचा वाफवलेला मऊ सुरती नाश्ता) खायचा असेल तर सकाळीच खावा आणि तिखट कमी घालायला सांगू नये. आपल्या जिभेला तो तसाही सौम्यच लागतो.