रोजच्या प्रार्थनेची घडी कशी बसवावी

प्रार्थनेला वेळच मिळत नाही, ही तक्रार वसईत ऐकू येते तशीच मालवणातही. ती खोटी नाही. अर्नाळ्याची बोट भरती-ओहोटी बघून सुटते. भाजी-फुलं घेऊन निघालेली बाई पहाटेची विरार लोकल गाठते, बाकीचे नंतरच्या गर्दीत दाराशी लोंबकळतात. अशा माणसाला कुणी ‘रोज सकाळी सहाला अर्धा तास शांत बसा’ असं सांगितलं, तर त्याने हात जोडावेत आणि आपली गाडी पकडावी. प्रार्थनेसाठी वेगळा वेळ शोधायला गेलं की तो सापडत नाही. रोज होणाऱ्या कामालाच ती जोडायची. खालचा क्रम कॅथलिक घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे, पण प्रोटेस्टंट मंडळींनी माळ (रोझरी) आणि शुक्रवारचे नियम वगळून बाकीचं घ्यायला हरकत नाही.

१. कामाची वेळ धरा, घड्याळाची नको

चहाचं आधण ठेवल्यावर, जाळी बोटीत चढवून झाल्यावर, वाडीत पंप सुरू केल्यावर, गाडीत जागा मिळाल्यावर (किंवा नेहमीप्रमाणे न मिळाल्यावर). यातलं एकच निवडा. क्रुसाची खूण करा, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश म्हणा आणि आज ज्याच्याशी गाठ पडणार आहे अशा एका माणसाचं नाव देवापुढे घ्या. आवडत्या माणसाचंच घ्यायला हवं असं नाही. दलाल, सासू, साहेब, ज्याच्यामुळे पोटात गोळा येतो तो. एवढंच, तीन-चार मिनिटांचं काम.

उत्साहाच्या भरात ते वाढवू नका. रिट्रीटहून, म्हणजे प्रार्थना-शिबिराहून, परतलेला माणूस आठवडाभर तासतास गुडघ्यांवर असतो आणि महिन्याने रविवारच्या मिस्सालाही (चर्चमधल्या उपासनेलाही) उशिरा येतो, हे प्रत्येक गावाने पाहिलेलं आहे. आणि हो, उठल्या उठल्या वचनाचा गुलाबफुलांवाला फोटो दहा गटांत पाठवणं याला प्रार्थना म्हणत नाहीत.

२. एकच शुभवर्तमान घ्या, तेही चवीने वाचा

शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूची कथा सांगणारी चार पुस्तकं. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून संपूर्ण बायबल वाचायला घेणारे बहुतेक जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकतात. मार्कपासून सुरू करा. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटं आहे, फक्त १६ अध्याय, आणि त्यात सतत काहीतरी घडत असतं. रोज एक प्रसंग घ्या, अध्याय संपवण्याची घाई नको. जुन्या मठांतली रीत चार टप्प्यांची होती: वाचणं, मनात घोळवणं, त्यावरून देवाशी बोलणं आणि मग नुसतं गप्प बसणं.

उदाहरणार्थ चौथ्या अध्यायाचा शेवट, वादळाचा प्रसंग (४:३५-४१). एकदा सरळ वाचा, मग पुन्हा मोठ्याने. आता बारकावे बघा. वेळ संध्याकाळची आहे. बरोबर दुसऱ्याही होड्या आहेत, हे वाक्य आपण दरवेळी वगळून पुढे जातो. लाटा आत येऊन होडी भरत चालली आहे आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. ज्याने बोटीत पाणी भरताना पाहिलंय, त्याला ही झोप सहज पचणार नाही. शिष्यांनाही पचली नाही. ‘आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का?’ असं ते त्याला विचारतात. इथे थांबा. हा प्रश्न तुम्हीही कधीतरी विचारला असेल, आजारपणात किंवा कर्जाच्या हप्त्यापायी. तो आज पुन्हा, तसाच, न सजवता विचारा. वाचनाचं काम तिथे झालं. अर्थ सांगणारी पुस्तकं नंतर उघडता येतील.

३. एक स्तोत्र तोंडपाठ करा

बायबलमध्ये स्तोत्रं १५० आहेत. सुरुवातीला ११७ वं घ्या, त्यात दोनच ओव्या आहेत. दर्यावर जाणाऱ्यांच्या घरात १०७ व्या स्तोत्रातल्या २३ ते ३० या ओव्या पाठ असायलाच हव्यात. तारवं, उसळलेल्या लाटा, झिंगल्यासारखी डोलणारी माणसं आणि शेवटी बंदर, सगळं त्यात आहे. गाऊन म्हणता आलं तर उत्तमच. इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा सांगणारं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळक तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म; त्यांची ख्रिस्ती भजनं मराठी मंडळ्यांत आजही गातात. ओवी-अभंगाच्या चालीवर प्रार्थना करणं ही आपली जुनीच वहिवाट आहे, त्यात संकोच कसला?

४. माळ

माळेचे मणी ओढत प्रार्थना म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, म्हणजे ‘रहस्यं’, मनात आणायचे. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. गाडीत माळ काढायला अवघड वाटत असेल तर बोटं दहाच असतात. घरात लहान मुलं असतील तर जेवणाआधी एकच दशक (दहा मण्यांचा एक भाग) म्हणा. पेंगणाऱ्या पोरांकडून पाचही दशकं म्हणवून घेतली की ती माळेला कायमची कंटाळतात.

५. रात्रीचा हिशेब

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यांत जास्त टाळली जाते तीही हीच. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली ही रीत पाच टप्प्यांची आहे. आधी देवाचे आभार, पण ठोस: ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ नको, ‘आज शेजारणीने न मागता कालवणाची वाटी आणून दिली’ असं. मग नीट पाहता यावं म्हणून पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा. तिसरा टप्पा म्हणजे सकाळपासूनचा दिवस तासातासाने मागे वळून पाहणं. समजा, वाडीच्या बांधावरून भावाशी वाजलं. कोण बरोबर होतं हे ठरवत बसायचं नाही. नेमका कोणत्या शब्दावर आवाज चढला, त्याआधी मनात काय साचलं होतं, तेवढं शोधायचं. मग क्षमा मागायची. शेवटी उद्याचं एकच छोटं पाऊल ठरवायचं: ‘सकाळी त्याला आपणहून हाक मारीन.’

दहा मिनिटं पुरतात. अंथरुणात आडवं होऊन करू नका, दुसऱ्या टप्प्यालाच घोरायला लागाल. ओटीवर किंवा घरातल्या अल्तारापुढे (देव्हाऱ्यापुढे) बसा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

६. शुक्रवार

राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे: १८ पूर्ण झाल्यापासून ५९ वर्षांपर्यंतच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोनदा थोडंसं. या दोन दिवशी आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून लागू होतो. आजारी माणसांनी आणि गरोदर बायकांनी स्वतःवर जबरदस्ती करायची नाही. नियमाप्रमाणे मासे चालतात, आणि कोकणात खरी गंमत इथेच आहे. मटण सोडलं म्हणून शुक्रवारी सुरमई तळून खाणाऱ्याने नेमकं काय सोडलं? आपल्याकडे त्याग करायचा तर मासळीच सोडावी, आणि वाचलेले पैसे घरी न ठेवता कुणाच्या तरी औषधाला द्यावेत.

७. खंड पडला तर

पडतोच. लग्नसराई, आजारपण, गणपतीत आलेले पाहुणे. त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू करा, पुढच्या सोमवारची वाट बघू नका. बुडालेल्या दिवसांची थकबाकीही फेडायची नाही, म्हणजे तीन दिवसांच्या माळा एकदम नकोत. दोन-तीन महिने सलग कोरडे गेले तर फादरांशी किंवा पाळकांशी बोला. कुमसाराला (फादरांपुढे पापं कबूल करायला) जाऊन बरेच दिवस झाले असतील तर सुरुवात तिथूनच करा.

मच्छीमार घरांना आणखी एक सोय आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत जाळी विणताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आठवड्याला दोन अध्याय धरले तर ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात उतरायच्या सुमाराला मार्क पुरा होतो. पुढे लूक घ्या. त्याचे अध्याय २४ आहेत.